घरच्यांना टेप लावायचा नसतो

४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुला नमस्कार, आणि तुझ्या गुडघ्यांना वेगळा, कारण ते आता तुझ्या ताब्यात नाहीत असं दादा सांगत होता. मशीनला मोटर बसवून घे. पायडलनेच टाका सरळ पडतो हा तुझा नुसता हट्ट आहे. इकडे आम्ही ठीक. वहिनीचा खोकला गेला, दादाचं पोट वाढलं, जिन्यातला दिवा अजून तसाच लुकलुकतो.

पार्सल मिळालं. शर्ट छान झाला आहे. वहिनीने तो उलटा करून आतल्या शिवणी बघितल्या आणि म्हणाली, असं काम दुकानात मिळत नाही. हात वर करताना ओढ बसू नये म्हणून काखेत तू वेगळा तुकडा घातला आहेस, तोही तिने मला बोट लावून दाखवला, जणू मला कळलं नसतं. माप न मागता शिवलास, नेहमीसारखा. बसलाही नेहमीसारखाच.

व्यायामाचा वर्ग कसा चालला आहे असं विचारलंस. शाळेत जायच्या आधी तू मला कटिंगच्या टेबलाखाली बसवून सगळं शिकवलंस, त्यात हेही शिकवलंस की तक्रार तोंडाने करायची नाही, समास सोडून कागदावर लिहून द्यायची, म्हणजे लिहिता लिहिता निम्मी खोटी निघते. तर लिहून देते. निम्मी खोटी निघते का बघू.

वर्ग हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत भरतो. आधी त्या खोलीत मोडक्या खाटा ठेवत असत. त्यांच्या पायांचे गंजाचे ठसे फरशीवर अजून आहेत आणि आम्ही त्यावर चटया टाकतो. एका भिंतीला आरसा आहे, समोरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे, 'तुम्ही जिंकलात'. कोणाशी, ते लिहिलेलं नाही. मला अजून दर काही महिन्यांनी तपासायला बोलावतात. म्हणजे निकाल लागायचा आहे, पण भिंतीला दम निघत नाही.

वर्गातल्या बायका स्वतःला वाघिणी म्हणवतात. त्यातल्या एका वाघिणीला अर्ध्या जिन्यात धाप लागते. दुसरीच्या पावलांना औषधांनी मुंग्या येतात, म्हणून ती भिंत धरून चालते. तिसरी मी, शिट्टी वाजली की दचकणारी. खऱ्या वाघाने आम्हाला बघितलं तर तो अंगावरचे पट्टे पुसून टाकील.

शिट्टी हे आमच्या शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुलीचं नाव, मी ठेवलेलं. ती गळ्यात शिट्टी अडकवते. तिचा खांदा जन्मात कधी दुखलेला नसावा. आमच्याशी ती लहान मुलांशी बोलतात तसं बोलते: 'आता आपण आपला छानसा हात छानसा वर नेणार.' माझा हात छानसा नाही, हे मी तिला सांगायला गेले नाही.

तिच्यावर आहे कॅप्टन. कॅप्टनला हा आजार आम्हा सगळ्यांच्या आधी झाला, आणि ऑफिसात लोक नोकरीची वर्षं सांगतात तसं ती ते सांगते. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, 'कॅन्सर ही मला आयुष्याने दिलेली सर्वांत सुंदर भेट आहे.' अशी भेट देणाऱ्याशी मी तरी संबंध ठेवले नसते. आणि टाळ्या. आत्या, इथे सगळ्याला टाळ्या वाजवतात. हात खांद्यापर्यंत आला, टाळ्या. नाही आला, प्रयत्न केला म्हणून टाळ्या. कोणी उशिरा आलं तर आलं हेच मोठं म्हणून टाळ्या. मी कोपऱ्यात गुपचूप पाणी पिते, न जाणो.

एक पोस्टातल्या बाई तेवढ्या बऱ्या. निवृत्त व्हायला आल्या आहेत. मी विचारलं, तुम्ही कशासाठी येता, तर म्हणाल्या, घरी बशीसुद्धा उचलू देत नाहीत, इथे निदान कोणी झोप म्हणत नाही. त्यांचाही तिटकारा करून बघितला. जमला नाही.

घरचं तुला ठाऊकच आहे. दादाने व्यायामाची सायकल आणली आणि जागेवरून न हलणाऱ्या त्या सायकलवर वहिनी टॉवेल वाळत घालते. दादा रोज मला लेख पाठवतो, चालल्याने थकवा कमी होतो, चालल्याने झोप लागते, आणि स्वतः एक मजला उतरायला लिफ्टची वाट बघत उभा राहतो. वहिनी माझ्या हातातून कप काढून घेते. एक म्हणतो बसू नकोस, दुसरी म्हणते उठू नकोस. मी बहुतेक वेळ दाराच्या चौकटीत उभी असते.

कामावर मला तूर्त धागे कापायला बसवलं आहे. कटिंगच्या टेबलावर तात्पुरता दुसरा माणूस आहे. कापड पसरायचं तर डावा हात टेबलाच्या पलीकडच्या कडेपर्यंत जायला हवा, आणि डॉक्टर म्हणतात की आत्ता या दिवसांत हात उघडला नाही तर खांदा कायमचा आखडेल. तेव्हा व्यायाम करणं भाग आहे. वर्गाला जाते आहे. काळजी करू नकोस.

तुझी,
सगळं व्यवस्थित चाललेली,
चिंधी

०

२० फेब्रुवारी

प्रिय आत्या,

पत्र पोचलं. मी तुला तीन पानं लिहिली आणि तू उत्तरात एवढंच विचारलंस, 'हात कानाला लागतो का?' बाकी सगळा मजकूर मोटरीबद्दल. मोटर नको असेल तर नको, पण कारण म्हणून वीज जाते असं लिहू नकोस, तुमच्याकडे वीज जात नाही.

हात कानाला लागतो का, याकडे येते.

वर्गाला जायला बस बदलावी लागते आणि दुसऱ्या बसमध्ये बसायला मिळत नाही. वर्गाची वेळ अशी आहे की कामावरून अर्धा दिवस काढावा लागतो. सकाळी उठल्यावर अंगात शिसं ओतल्यासारखं जड असतं, आणि हा थकवा झोपून जात नाही. व्यायामाने जातो म्हणतात, पण व्यायामाला उठायला तो आधी गेलेला हवा, हे म्हणणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. जोरात चाललं की छाती धडधडते, आणि ती तशीच धडधडते जशी सलाइन चढवताना धडधडायची. मग मी तिथेच उभी राहून परत आला का, परत आला का, असं स्वतःला विचारते. शिट्टी म्हणते तो दमल्याचा आवाज आहे. असेल. तिने तो दुसरा आवाज ऐकलेला नाही. हात सुजेल ही भीती वेगळी. अंगठी घट्ट वाटली की मी दिवसभर दोन्ही हात शेजारी शेजारी धरून बघत बसते, सुपरवायझरला वाटतं मी नखं बघते आहे.

ही सगळी कारणं खरी आहेत. एकेक तपासून लिहिली आहेत. तरी तू विचारशील म्हणून सांगते, यातलं एकही कारण ते कारण नाही.

मी वर्गाला जात नाही, आत्या. मागचं पत्र लिहिलं तेव्हाही जात नव्हते. हे मला शिट्टीबद्दल आणि वाघिणींबद्दल एवढं हसून लिहिल्यावर सुचलं की जी मुलगी रोज तिथे जाते तिला एवढं हसू येणार नाही.

अर्धा दिवस काढते ते खरं. हॉस्पिटलपर्यंतही जाते. पण पुढच्या इमारतीत रक्त तपासायला लोक रांगेत बसतात तिथे जाऊन बसते. तिथे कोणी कोणाकडे बघत नाही, सगळे दंडावर कापूस दाबून जमिनीकडे बघतात. वर्ग सुटायच्या वेळी नळावर केस थोडे ओले करते, चेहऱ्यावर पाणी मारते आणि घरी येते. दादा दार उघडून टाळ्या वाजवतो. वर्गातल्या टाळ्या परवडल्या, त्या निदान घामाला असतात. या मला नळाच्या पाण्याला मिळतात आणि मी थँक्यू म्हणते. असल्या माणसाचा तुला किती तिटकारा आहे ते मला माहीत आहे. मलाही आहे.

कारण म्हणजे, एकदा वर्गात माझी जरा फजिती झाली. सांगण्यासारखं काही नाही. शर्टाशी त्याचा थोडा संबंध आहे. तुझ्या शिवणीत काही चूक नाही, टीप पक्की आहे. त्यात मला मोकळं वाटत नाही एवढंच. जाऊ दे.

कटिंगची जागा पुढच्या महिन्यात कायमची भरणार आहेत. सुपरवायझरने सगळ्यांसमोर सांगितलं, आणि सांगताना माझ्या टेबलाकडे बघायचं टाळलं. त्या बदली माणसाला कापडाचा उभा धागा कुठला आणि आडवा कुठला ते बोटाने कळत नाही. रोज सकाळी तो माझी कात्री घेतो, तुझी म्हणजे. मी धागे कापत त्याच्याकडे बघते. तो वाईट माणूस नाही, पण कापड कापत नाही, चावतो.

हात कुठपर्यंत येतो ते विचारू नकोस.

तुझी,
चिंधी

०

११ मार्च

आत्या,

दुसरा शर्ट मिळाला.

मी पार्सल स्वयंपाकघरात उघडलं आणि शर्ट हातात धरून उभी राहिले. वहिनी म्हणाली, अगं, यात दोन माणसं मावतील. दादा म्हणाला, मोकळंढाकळं बरं असतं. दोघंही खूश झाले. मी तो टेबलावर पसरला. बाह्या रुंद, खांदा उतरलेला, छातीवर एवढा घेर की खाली कोण आहे, आहे की नाही, कोणालाही सांगता येऊ नये. त्यात मोकळं वाटत नाही असं मी लिहिलं होतं, तर तू कापड वाढवलंस.

ढगळ कपडा म्हणजे न बघता केलेलं काम. हे तुझं वाक्य आहे. समोरच्या दुकानातला शिंपी कुठल्याही जाड बाईचं माप घ्यायला लाजायचा आणि गोणपाट शिवून द्यायचा, तेव्हा तू हे भर रस्त्यात त्याला ऐकवलं होतंस. मी टेबलाखालून ऐकलं होतं. आता तू मला गोणपाट शिवून पाठवलास.

राग आला आहे, म्हणून नीट सांगते.

फजिती अशी झाली. तू पाठवलेला पहिला शर्ट तू माझ्या जुन्या मापाने शिवलास. दोन्ही बाजूंना छातीखाली टक्स घेतलेस, सारखे, तुझ्या हातचे, सुंदर. डाव्या टक्समध्ये भरायला माझ्याकडे आता काही नाही. तिथे कापड रिकाम्या पिशवीसारखं उभं राहतं. तेव्हा मी कामावरचे खांद्याचे स्पंज घेतले, दोनाला दोन जोडून गोल शिवले आणि आत घातले. चांगले झाले होते. उभं राहिलं तर कळत नव्हतं. पण व्यायामात हात वर न्यायचा असतो. हात वर गेला की शर्ट वर जातो, शर्टाबरोबर स्पंज चढतो, हात खाली आला की स्पंज खाली येतो, पण आपल्या जागी नाही. गळ्याशी आला, मग पोटाशी आला, आणि शिट्टीने 'अजून एकदा छानसा' म्हटल्यावर खालून निघून फरशीवर पडला आणि घरंगळत कॅप्टनच्या पायाशी गेला.

कॅप्टनने तो उचलला. वर धरला आणि म्हणाली, 'बायांनो, आपली लेक आज मोकळी झाली.' आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शिट्टीनेही वाजवल्या, तोंडात शिट्टी होती, तीही वाजली. पोस्टातल्या बाईंनी तेवढ्या वाजवल्या नाहीत. मी हे त्यांच्या मोठेपणात जमा केलं होतं. नंतर कळलं, त्यांच्या हातात सलाइनची सुई ठेवलेली होती.

त्या दिवसापासून गेले नाही.

आता दुसरी गोष्ट. आपल्याकडे घरच्यांना टेप लावायचा नसतो. टेप गिऱ्हाइकांसाठी. बाबा म्हणायचे, ज्याला रोज बघतो त्याला मोजायला लागलं तर बघत होतो कशाला. तू तर नजरेनेच कापायचीस. मी उंच झाले हे मला नवीन फ्रॉक आला की कळायचं. शाळेत मुलींची मापं घ्यायला बाहेरचा शिंपी आला तेव्हा त्याने टेप लावल्यावर मी रडले होते, की मी आता परकी झाले. आपण सगळेच हे मोठ्या अभिमानाने सांगतो. पण बघितल्याशिवाय नजरेचं माप येत नाही.

ऑपरेशननंतर तू आलीस. खुर्ची ओढून बसलीस. पडद्याची पट्टी किती वाईट दुमडली आहे ते सांगितलंस, आणि मी हसले, टाके ओढले तरी हसले. सलाइनच्या बाटलीकडे बघितलंस, खिडकीकडे बघितलंस, माझ्या पायांवरचं पांघरूण सरळ केलंस. नर्स पट्टी बदलायला आली तेव्हा चहा आणते म्हणून गेलीस आणि सगळं झाल्यावर आलीस. चहा गार झालेला होता. म्हणजे तू बाहेर कप हातात धरून उभी होतीस. घरी आल्यावरही तू माझ्या चेहऱ्याच्या खाली बघितलं नाहीस. ज्या बाईने माझा पाव इंच वाढलेला खांदा कधी चुकवला नाही, तिने.

न्यायाने हेही लिहायला हवं की तू चहाला गेलीस तेव्हा मला बरं वाटलं. नर्सने पट्टी काढली तेव्हा मीही पडद्याची पट्टीच बघत होते. तेव्हा तुझ्या एकटीवर राग काढायचा मला हक्क नाही. तरी काढते आहे.

तुझं पार्सल आलं त्या संध्याकाळी दार लावून घेतलं, टेप घेतला आणि आरशासमोर उभी राहिले. म्हटलं, तुला नको तर मी घेते माप. समोरून टेप धरला. पाठीमागून तो सरळ आणायला डावा हात मागे जायला हवा. गेला नाही. टेप पाठीवर घसरला, पुन्हा धरला, पुन्हा घसरला. आरशात मी एका हाताने साप पकडणाऱ्या माणसासारखी दिसत होते. या हाताला मी टेबलाची पलीकडची कड गाठायला सांगणार होते. त्या बदली माणसाला मी इतके दिवस मनातल्या मनात नावं ठेवते आहे. त्याला निदान स्वतःच्या शर्टाची बटणं लावता येतात.

मग वर्गाला गेले. दादाचा जुना टीशर्ट घालून गेले, आत काही न भरता. एका बाजूला मी आहे, दुसऱ्या बाजूला टीशर्ट आहे, असं दिसत होतं. आरशात सगळ्यांना दिसलं. कॅप्टनने लगेच हात उचलले.

मी म्हटलं, 'टाळी वाजवलीत तर मी परत जाईन.'

'बरं,' ती म्हणाली. हात तसेच हवेत राहिले, मग तिने ते पोटाशी धरले. काय करायचं त्यांचं ते तिला सुचेना. तेव्हा माझ्या लक्षात आलं, जे पहिल्या दिवशीच यायला हवं होतं, शिंप्याच्या घरची म्हणवते. टाळीला हात खांद्याच्या वर न्यावा लागत नाही. सगळे हात वर नेतात तेव्हा कॅप्टन टाळ्या वाजवत असते. तिचा डावा कोपर अंगाला चिकटलेला असतो. वर्ग सुटल्यावर ती जिन्यात थांबली आणि, इकडेतिकडे बघून, तिने विचारलं की आतून खिसा शिवून देता येतो का, म्हणजे आतलं हलणार नाही. सुंदर भेटीबद्दल बोलली नाही. मी म्हटलं, देते. मला तिची अजूनही चीड येते, पण खिसा देणार आहे.

त्यानंतर जाते आहे. खरोखर जाते, शिट्टीला विचार. व्यायामाने मन प्रसन्न होतं असं लेखात असतं ते मला अजून झालेलं नाही. भिंत तशीच मूर्ख आहे. पोस्टातल्या बाई आणि मी शेवटच्या ओळीत उभ्या राहतो आणि शिट्टीच्या 'छानसा'ला तोंड वाकडं करतो. त्यासाठीही जावंसं वाटतं, हे लपवत नाही. हात कानाला लागत नाही. भुवईच्या वर येतो. मागच्या आठवड्यात गालापर्यंत यायचा. सुपरवायझरला मी सांगितलं आहे की जागा भरायच्या आधी एकदा मला टेबलावर कापड पसरू द्या, पोचला हात तर पोचला. तो हो म्हणाला. या वेळी माझ्याकडे बघून म्हणाला.

दोन्ही शर्ट मी उसवले आहेत. ब्लेड लावलं नाही, एकेक टाका काढला, कापड कुठे फाटलेलं नाही. तुकडे इस्त्री करून या पत्राबरोबर पाठवते आहे. पाठ, बाह्या, कॉलर आणि उजवा पुढा यांवर मी खडूने खूण केली आहे, ते जुन्या मापाने चालतील. डाव्या पुढ्यावर काही लिहिलेलं नाही. ते माप मला घेता आलं नाही, आणि दुसऱ्या कोणाकडून घ्यायचं नाही.

तू ये. गुडघ्यांचं कारण सांगू नकोस, तुझ्या गुडघ्यांना मी आणायला गाडीपर्यंत येईन आणि पिशवी उजव्या हाताने उचलीन. नजरेने कापलेलं मला नको. टेप घेऊन ये, गिऱ्हाइकाला लावतेस तसा लाव, सगळीकडून, आणि आकडा मोठ्याने सांग, मी लिहून घेईन. लहानपणी टेबलाखाली बसून गिऱ्हाइकांचे लिहायचे तसा.

टेप थंड लागला तरी मी हलणार नाही.

तुझी,
चिंधी